१९१३ चा वेबस्टर : ‘व्हिस्क’च्या पानावर घासून पाहिलेला कोश

कोश नुसता चाळून त्याची पारख होत नाही. त्यातलं एखादं अवघड पान धरायचं आणि त्यावरचे शब्द एकामागून एक तपासायचे, मग कोशाची जात कळते. १९१३ सालच्या ‘वेबस्टर्स रिव्हाइज्ड अनअब्रिज्ड डिक्शनरी’साठी डब्ल्यू अक्षरातला ‘व्हिस्क’ ते ‘व्हिस्की’ हा पट्टा असाच आहे. झाडायचा कुंचा, अंडी फेटायचं साधन, मांजराच्या मिशा, जहाजाच्या लोखंडी काठ्या, एक घोडागाडी, कॅनडातला एक पक्षी आणि दारू, हे सगळं तिथे वीतभर जागेत दाटीवाटीने बसलं आहे.

निकाल आधीच सांगतो. कोकणच्या इतिहासावर काम करणारे, जुन्या इंग्रजीतून मराठीत मजकूर आणणारे आणि कॉलेजात इंग्रजी शिकवणारे यांच्याकडे हा कोश असलाच पाहिजे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा. या कोशाचा गाभा म्हणजे नोआ पोर्टर यांनी संपादलेली १८९० ची आवृत्ती. म्हणजे गॅझेटिअर लिहिणाऱ्यांची इंग्रजी आणि या कोशाची इंग्रजी एकाच पिढीची. आजचा खिशातला कोश त्या काळच्या शब्दाला आजचा अर्थ चिकटवतो, आणि वाचणाऱ्याला आपलं काही चुकलं आहे याचा पत्ताही लागत नाही. रोजचं इंग्रजी बोलायला शिकायचं असेल तर मात्र या कोशाच्या वाटेला जाऊ नये. त्या कामासाठी तो नाही.

आता पानाकडे वळू.

‘व्हिस्क’ या नामाच्या मुळाशी कोश स्कँडिनेव्हियाकडे बोट दाखवतो. आइसलँडच्या भाषेतला ‘विस्क’ म्हणजे गवताची किंवा काड्यांची जुडी. डॅनिश, स्वीडिश, डच, जर्मन असे सगळे भाऊबंद तिथे ओळीने दिले आहेत आणि शेवटी इंग्रजीतलाच ‘विस्प’ हा शब्द पाहायला सांगितलं आहे. मूळ कल्पना काय, तर मुठीत मावेल एवढी पेंढ्याची जुडी. ती हातात आली की पुढचे अर्थ आपोआप लागतात. जुडीने झटकन झाडायची हालचाल हा पहिला अर्थ. गवत, काड्या किंवा केस बांधून केलेला लहान कुंचा हा दुसरा. तारेचं, अंडी आणि साय फेटायचं स्वयंपाकघरातलं साधन हा तिसरा.

दुसरा अर्थ कोकणात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माडाच्या झावळ्यांचे हीर काढून बांधलेला खराटा, शिंदीच्या पातींची केरसुणी, देवाच्या पालखीबरोबरची चवरी हे सगळे या एका अर्थाच्या पोटात येतात. घोळ इथेच होतो. इंग्रजीत शब्द एक आणि मराठीत वस्तू तीन. अंगण झाडायचं असेल तर खराटा, घर झाडायचं तर केरसुणी, माश्या वारायच्या किंवा देवावर ढाळायची तर चवरी. कोशात ‘लहान’ हे विशेषण आहे, ते विसरू नये. अंगणातला लांब खराटा इंग्रजीत ‘ब्रूम’ किंवा ‘बीझम’ होईल, ‘व्हिस्क’ नाही.

तिसऱ्या अर्थाला जरा जास्त वेळ द्यावा लागतो, कारण पाककृतींच्या भाषांतरात सगळ्यांत जास्त नासाडी इथे होते. ‘व्हिस्क’ दिसला की हात सरसावून ‘रवीने घुसळा’ असं लिहिलं जातं. रवीचं काम वेगळं आहे. रवी दोन तळव्यांत किंवा दोरीने उलटसुलट फिरते, दांडा एका जागी राहतो आणि विरजणातले स्निग्ध कण एकमेकांवर आपटून त्यांचा गोळा होतो. लोणी निघावं हा त्यामागचा हेतू. व्हिस्क मनगटातून हलक्या, भराभर फटक्यांनी चालतो आणि पातळ पदार्थात हवा कोंडतो. फेस यावा हा हेतू. अंड्याचा पांढरा भाग फेटताना त्यात पिवळ्याचा थेंब गेला किंवा भांड्याला तुपाचा ओशटपणा राहिला, तर फेस धरत नाही, कारण हवेच्या बुडबुड्याभोवती प्रथिनांचं जे पातळ कवच बनतं ते स्निग्धांश मोडतो. फेटताना नको असलेला स्निग्धांश घुसळताना मुद्दाम गोळा करायचा असतो. म्हणून ‘व्हिस्क’ म्हणजे फेटणं, ‘चर्न’ म्हणजे घुसळणं आणि ‘स्टर’ म्हणजे ढवळणं. घावनाचं पीठ ढवळतात, ताक घुसळतात, ऑम्लेटची अंडी फेटतात. मराठीला हे तीन शब्द आयते मिळाले आहेत, त्यांची सरमिसळ करायची गरज नाही. कोशातल्या क्रियापदाच्या नोंदीत टेबलावरची धूळ झटकण्याचं आणि अंड्याचा पांढरा भाग फेस येईपर्यंत फेटण्याचं उदाहरण एकाच वाक्यात शेजारी ठेवलं आहे. दोन्हींत हाताची हालचाल तीच असते. संपादकाने किती नेमकं उदाहरण निवडावं, ते इथे शिकावं.

उरलेले अर्थ भराभर. सतराव्या शतकातल्या बायकांच्या पोशाखातली खांद्यावर घ्यायची केप, हिला सॅम्युअल पीप्स या इंग्रज रोजनिशीकाराचा दाखला आहे. बोलीतला ‘आगाऊ माणूस’. पिंप बांधणाऱ्याचा, पिंपाचा काठ सारखा करायचा रंधा. पत्त्यांच्या ‘व्हिस्ट’ या डावाचं जुनं नावही ‘व्हिस्क’च होतं, त्याची नोंद वेगळी केली आहे.

‘व्हिस्कर’ ही नोंद या कोशाची ताकद दाखवते. अर्थ काळाच्या क्रमाने लावले आहेत. आधी ‘झाडणारा किंवा फटकारणारा’, मग ‘पूर्वी वरच्या ओठावरचे केस’, त्याला कवी पोपचा दाखला, आणि त्यानंतर गालावरचे किंवा हनुवटीवरचे केस. हा क्रम ज्याने नीट वाचला त्याची एक हमखास चूक टळते. अठराव्या शतकातल्या मजकुरात ‘व्हिस्कर्स’ दिसले की आपण आजच्या सवयीने ‘कल्ले’ लिहितो, पण तिथे बहुतेकदा ‘मिशा’ हव्या असतात. एकोणिसाव्या शतकातल्या साहेबाच्या वर्णनात मात्र ‘कल्ले’ किंवा ‘गलमिशा’ बरोबर. पण अठराव्या शतकाच्या मध्यावर दोन्ही अर्थ चालत होते. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात गालावरचे न काढलेले केस आणि मिशा हे दोन्ही एकाच ओळीत दिले आहेत. अशा वेळी शेजारचं क्रियापद पाहावं. पीळ दिला असेल तर बहुधा मिशा, कारण कल्ल्यांना सहसा पीळ देत नाहीत. कात्रीने कापून सारखे केले असतील तर दोन्ही शक्य, मग माणसाचा हुद्दा आणि साल बघून ठरवावं. ‘चिन व्हिस्कर्स’ असेल तर सरळ ‘हनुवटीवरची दाढी’.

उलट दिशेने, मराठीतून इंग्रजीत जाताना, वेगळाच खड्डा आहे. मांजराच्या मिशा, झुरळाच्या मिशा, कोळंबीच्या मिशा आणि शिंगाळ्याच्या मिशा, आपण सगळ्यांना मिशाच म्हणतो. कोश ‘व्हिस्कर’ मांजर आणि तसल्या जनावरांच्या तोंडाजवळच्या लांब केसांना देतो. झुरळ आणि कोळंबी यांना ‘अँटेना’. शिंगाळ्याच्या तोंडाभोवती लोंबणारे मांसल तंतू म्हणजे ‘बार्बेल’. मासळीवर इंग्रजीत लिहिणाऱ्याने हे तीन शब्द कागदावर वेगळे लिहून समोर ठेवावेत. बोलीभाषेतल्या इंग्रजीत कोळंबीलाही व्हिस्कर्स म्हणतात, पण माहितीपर लेखनात ते टाळलेलं बरं.

या नोंदीचा शेवटचा अर्थ किनाऱ्यावरच्या वाचकासाठी खास. जहाजाच्या पुढच्या टोकातून बाहेर निघालेला जो वासा असतो, त्याला बोस्प्रिट म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना आडव्या निघालेल्या लोखंडी काठ्या म्हणजे ‘व्हिस्कर्स’. मांजराच्या तोंडाला दोन्हीकडे मिशा असाव्यात तशाच. त्यांचं काम दोर फाकवून धरायचं. दोर वाशाला अगदी चिकटून आले तर त्यांची ओढ लांबीच्या दिशेने जाते आणि बाजूच्या वाऱ्यात वासा हलतो. काठ्यांनी दोर बाहेर ढकलले की कोन रुंदावतो आणि वाशाला आडवा आधार मिळतो. बंदरातल्या जुन्या इंग्रजी सामानयादीत हा शब्द भेटला आणि कोश जवळ नसला, तर ‘मिशा’ लिहून मोकळं होण्यापलीकडे इलाज नाही. आजच्या लहान कोशांत हा अर्थ सापडणं कठीण.

आडबाजूचे शब्दही चांगले आहेत. ‘व्हिस्केट’ म्हणजे वैरणीची टोपली, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ लाकडी खुंट्या कातायचं लहान लेथ. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचं कातकाम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा दुसरा अर्थ लगेच दिसेल. ‘व्हिस्किन’ म्हणजे प्यायचा उथळ वाडगा. ‘व्हिस्की’ किंवा ‘टिम-व्हिस्की’ म्हणजे भरधाव जाणारी हलकी घोडागाडी. तिचा दारूशी काही संबंध नाही, ती ‘व्हिस्क’च्या झपाट्याची. जुन्या मुंबईतल्या ‘शिग्राम’ या गाडीचं नावही ‘शीघ्र’वरून आल्याचं १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन हा कोश सांगतो, म्हणजे गाडीला वेगाचं नाव देण्यात दोन्ही भाषा सारख्याच. ‘त्याची व्हिस्की दाराशी उभी होती’ अशा अर्थाचं वाक्य जुन्या इंग्रजीत आलं तर घाबरायचं कारण नाही. ‘व्हिस्की जॅक’ हा कॅनडातला जे पक्षी, कावळ्याच्या कुळातला. मराठी नाव शोधायच्या नादात त्याला टकाचोर करू नये. कूळ एक असलं तरी पक्षी वेगळा.

दारूच्या ‘व्हिस्की’चं मूळ कोश गेलिकमध्ये दाखवतो. ‘उश्के’ म्हणजे पाणी आणि ‘उश्के बाहा’ म्हणजे जीवनाचं पाणी. मराठी वाचकाला ही जोडी परकी वाटत नाही, पाण्याला आपण ‘जीवन’ म्हणतोच. लॅटिनमध्ये हीच कल्पना ‘अक्वा व्हिटे’ म्हणून येते, आणि स्कॉटलंडच्या सरकारी हिशेबात १४९४ साली जॉन कॉर नावाच्या साधूला अक्वा व्हिटे करण्यासाठी आठ बोल (धान्याचं जुनं स्कॉटिश माप) माल्ट, म्हणजे मोड काढून वाळवलेलं धान्य, दिल्याची नोंद आहे. नोंदीत पुढे एक कामाचा तपशील आहे. अमेरिकेत मका, राय आणि गहू, तर स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये बहुधा मोड काढलेलं जव. म्हणजे ही धान्याची दारू. काजूच्या बोंडाची फेणी किंवा हुर्राक, माडाच्या माडीची गाळीव दारू यांना इंग्रजीत ‘लोकल व्हिस्की’ लिहिणं चूकच. फेणीला फेणी लिहावं. कच्चा माल धान्याचा नाही हे नावातून लपता कामा नये.

मूळ शोधण्यात कोश थोडा बिचकतो. गेलिकचा ‘उश्के’ आणि इंग्रजीतला ‘वॉटर’ यांचं नातं ‘कदाचित’ म्हणून मांडलं आहे. आज ते नातं पक्कं मानलं जातं. १८९० च्या पिढीचा कोश असं सावधपणे लिहितो हे मला गुणाचं वाटतं, पण व्युत्पत्तीवर लेख लिहायचा असेल तर इथे थांबून चालणार नाही.

आता कोश हातात कसा आणायचा. कोशाच्या स्वामित्वहक्काचा (कॉपीराइटचा) काळ संपला आहे, तेव्हा तो फुकट आणि कायदेशीर मिळतो. तीन रूपं आहेत.

छापील प्रत हौसेची. ती मिळाली तर शेल्फात उभी ठेवू नये. इतका जाड ग्रंथ उभा राहिला की पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो आणि पुठ्ठ्याजवळची शिवण सुटते. आडवी ठेवावी, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब. आपल्या पावसाळ्यात भिंतीची ओल पुठ्ठ्यात उतरते आणि बुरशी आतल्या शिवणीतही धरते. वरून पाहून ती लवकर दिसत नाही.

पानांची छायाचित्रं इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. उच्चारखुणा, ग्रीक अक्षरं, चित्रं सगळं मूळचं दिसतं. दाखला छापायचा असेल तर हेच रूप उघडावं. फाइल जड असते, आणि पावसात रेंज गेली की संपलं.

रोजच्या कामाला तिसरं रूप, म्हणजे नुसता मजकूर. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर तो मिळतो, आणि गोल्डनडिक्टसारख्या प्रोग्राममध्ये इंटरनेटशिवाय चालणारी स्टारडिक्ट पद्धतीची रूपंही मिळतात. स्टारडिक्टचा कोश तीन फाइलींचा असतो. त्यांची शेपटं ‘आयएफओ’, ‘आयडीएक्स’ आणि ‘डिक्ट’ किंवा ‘डिक्ट डीझेड’. तिन्ही एकाच फोल्डरमध्ये, एकाच नावाने असायला हव्यात. कोश उघडत नाही अशी तक्रार आली की बहुतेक वेळा मधली फाइल दुसरीकडे राहिलेली असते किंवा एकीचंच नाव बदललेलं असतं. संगणकावर गोल्डनडिक्टच्या ‘एडिट’मधून ‘डिक्शनरीज’, तिथे ‘सोर्सेस’, मग ‘फाइल्स’. फोल्डर जोडायचं, ‘रिकर्सिव्ह’वर खूण करायची आणि ‘रीस्कॅन’ दाबायचं. ते दाबायला विसरलं की यादीत काही येत नाही.

मजकुराच्या रूपात दोन धोके आहेत. उच्चारखुणा आणि ग्रीक अक्षरं मोडून साध्या अक्षरांत आणलेली असतात, त्यामुळे उच्चार या रूपावरून ठरवू नये. दुसरा धोका मोठा. ‘जीसाइड’ नावाची जी वाढवलेली आवृत्ती फिरते तिच्यात जुन्या मजकुरात नवे अर्थ घातले आहेत. प्रत्येक अर्थाच्या शेवटी चौकटी कंसात तो कुठून आला ते लिहिलेलं असतं. ‘१९१३ वेबस्टर’ असेल तर जुना, ‘वर्डनेट’ किंवा ‘पीजेसी’ असेल तर नंतरचा. ही खूण न बघता १८८० च्या मजकुराला १९९० चा अर्थ लावला गेला, तर जुना कोश वापरण्याचा हेतूच फुकट गेला.

संक्षेपही आधी पाठ करावेत. ‘ऑब्स’ म्हणजे वापरातून गेलेला. ‘प्रॉव्ह इंग्’ म्हणजे इंग्लंडमधल्या एखाद्या बोलीपुरता. ‘नॉट’ म्हणजे जहाजाचा. ‘डी’ म्हणजे डच. नवखे लोक त्याला डॅनिश समजतात, पण डॅनिशसाठी ‘डॅन’ आहे. ‘हॅलिवेल’ हे बोलीतल्या शब्दांच्या संग्राहकाचं नाव. ते दिसलं की तो शब्द लंडनच्या छापील इंग्रजीत क्वचितच भेटेल असं धरून चालावं.

कोशाचं उणं काय? शब्द पहिल्यांदा कोणत्या साली वापरला गेला ते तो सांगत नाही. लेखकाचं नाव देतो, पान-ओळ देत नाही. त्यासाठी १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने निघालेला पहिला ऑक्सफर्ड कोशच पाहावा लागतो. विसाव्या शतकातल्या कामाच्या ‘व्हिस्कर’ची दखलही इथे नाही. संख्याशास्त्रातली बॉक्स-अँड-व्हिस्कर आकृती किंवा कथिलाच्या थरावर वाढून सर्किट जोडून टाकणारे धातूचे केस यात शोधायला जाऊ नये.

जॉन्सनचा १७५५ चा कोश जोडीला ठेवायचा असेल तर शोधताना दोन अडचणी येतात. त्या छपाईत शब्दाच्या पोटातला ‘एस’ पुष्कळदा लांब काढलेला असतो आणि यंत्र त्याला ‘एफ’ वाचतं. त्यामुळे ‘व्हिस्की’ शोधून सापडली नाही, तर ‘व्हिफ्की’ शोधून पाहावी. दुसरं, तिथे यू आणि व्ही ही अक्षरं एकत्र लावली आहेत. व्हिस्कीची माहिती ‘अस्कबॉ’ या शब्दाखाली आहे आणि तो व्हीच्या शब्दांत मिसळलेला आहे. डब्ल्यूत शोधत बसू नये.

शब्द कळला आणि मराठी प्रतिशब्द अडला, तर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश उलटा वापरावा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. मुख्य शब्दात न शोधता पूर्ण मजकुरात शोधायचा पर्याय निवडून इंग्रजी शब्द टाकायचा, म्हणजे ज्या मराठी शब्दांच्या अर्थात तो आला आहे ते सगळे एका यादीत येतात. ‘व्हिस्क’ टाकून झाल्यावर ‘व्हिस्प’ न टाकता ‘विस्प’ टाकावा, आणि त्यानंतर ‘बीझम’. झाडणीचे, जुडीचे आणि कुंच्याचे शब्द या तीन शोधांत विभागलेले असतात, एकट्या शोधात पुरते हाती लागत नाहीत.